हॉर्नला रामराम

पंचाहत्तर सालच्या आसपास परभणीच्या बाजारात एक झाडूवाला सायकलवर झाडूंचा आडवा भारा बांधून यायचा. अर्धा रस्ता त्याचाच. मागून जीपवाला वैतागून हॉर्न वाजवायचा. हा मान न वळवता हात उंचावून ओरडायचा, "रामराम!" आणि कडेला व्हायचा. जीपवाल्याची शिवी तोंडातच राहायची.

नव्या मोटारसायकलीच्या तोऱ्यात मी एकदा त्याला म्हणालो, "अहो, लोक चिडायलेत तुमच्यावर. रामराम काय घालता?"

तो खळखळून हसला. "भाऊ, एवढ्या गर्दीत कुनी मलाच हाक मारायलंय, अन् मी मुक्यानं जावं व्हय?"

नंतर एका सकाळी तो माझ्यापुढं चाललेला दिसला. सायकल रिकामी होती, रस्ता अख्खा मोकळा होता.

मी दोनदा हॉर्न वाजवला.