बेबीताई आणि तीन मशिनी

वाशीमला बदली झाल्यावर मी खोली बघायला बेबीताईंकडे गेले, तेव्हा त्यांनी आधी पंखा बंद केला. दुपारचं ऊन पत्र्यावर रणरणत होतं. दार लोटून घेत त्या म्हणाल्या, "मॅडम, जराक बसून पाहा. जीव घाबरला नाही, तं मंग हो म्हना." मी बसले. थोड्या वेळाने पाण्याचा तांब्या घेऊन त्या आत आल्या, माझ्या घामेजल्या कपाळाकडे पाहिलं आणि स्वतःच निकाल दिला, "राह्यता येईन तुमाले." भाड्याचं बोलणं त्यानंतर झालं.

हा त्यांचा स्वभावच होता. कांद्याचं बी ओल्या फडक्यात बांधून मोड दिसल्याशिवाय वाफ्यात पडायचं नाही. नवा विळा आला की आधी एरंडाच्या फांदीवर चालवून बघायचा. शेजारणीने नव्या सुनेबद्दल मत विचारलं तरी बेबीताई म्हणायच्या, "पाह्यल्याबिगर कसं म्हनू?"

शहर संपतं तिथे त्यांचा भाजीचा मळा होता आणि मळ्यातच घर. घरात सासूबाई, मोठे दीर आणि त्यांची बायको, बेबीताई आणि त्यांचे यजमान गजाननभाऊ. कारभार सगळा मोठ्या दिरांकडे. त्यांच्यासमोर बेबीताई पदर पुढे ओढायच्या आणि बोलायच्या नाहीत. काही सांगायचं असलं तर गजाननभाऊंच्या तोंडून.

मी राहायला गेले त्याच वर्षीच्या हिवाळ्यात शेजारी एक बारसं होतं. सासूबाईंनी आपला सोन्याचा गोफ मोठ्या हौसेने बेबीताईंच्या गळ्यात घातला. त्या परतल्या तेव्हा बाजाराला जाणारा ऑटो बांधावर येऊन थांबलेला. कपडे न बदलता त्या तशाच सांबार कापायला बसल्या. कोथिंबिरीला इकडे सांबार म्हणतात. जुड्या बांधत असतानाच त्यांचा भाऊ माहेरहून, रिठदहून, आला. आईला लकवा मारलाय एवढं सांगून, पाणी पिऊन तो गेला. ऑटोही गेला. संध्याकाळी चहा ठेवताना बेबीताईंचा हात गळ्याशी गेला, तर गोफ नव्हता.

सगळ्यांनी वाफे पालथे घातले. मोठे दीर ओरडले नाहीत. ते फक्त म्हणाले, "सोन्याले काही पाय नसतात." त्यांच्या नजरेत दुपारी येऊन गेलेला भाऊ होता, आणि त्या भावाच्या घराचं बांधकाम चालू होतं. मग गजाननभाऊंकडे बघत त्यांनी ठरवून टाकलं, की गोफ सापडेपर्यंत घरातल्या कोणी माहेरी जायचं नाही. मोठ्या जाऊबाई पुढच्याच आठवड्यात माहेरी जाऊन आल्या. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

फाटकाला कुलूप नव्हतं. रिठदवरून जाणारी एसटी समोरच्याच रस्त्याने जायची. तिचा आवाज आला की बेबीताईंचा हात थांबायचा आणि गाडी लांब गेली की पुन्हा चालू व्हायचा. आईची वाचा गेली होती. भावजय तिच्या कानाला फोन लावायची आणि इकडून बेबीताई एकट्याच बोलत राहायच्या. मी एकदा म्हटलं, सरळ जाऊन या. त्या म्हणाल्या, "गेली तं चोर ठरली, मॅडम. भावालेही चोर करून जाऊ का?"

धातू शोधायची पहिली मशीन गजाननभाऊंनी एका मंगल कार्यालयाच्या पहारेकऱ्याकडून आणली, दारात माणसांच्या अंगावरून फिरवतात ती काठीसारखी. बेबीताईंनी पायातलं जोडवं काढून वाफ्यात पुरलं. वर माती भुरभुरली तोवर मशीन वाजत होती. जोडवं चार बोटं खाली गेलं आणि ती गप्प झाली. त्यांनी ती पुसून परत दिली. "हे माणसाईची मशीन हाय," म्हणाल्या, "मातीची नाही."

दुसरी आली इंझोरीहून. जुन्या गढ्यांतून गुप्तधन शोधत फिरणारा एक माणूस ती स्वतः घेऊन आला. ताटाएवढी चकती, आवाज ऐकायला कानाला डबडं. ती खोलवरचं सांगायची खरी, पण सगळंच सांगायची. खिळा, सायकलीची तार, वखराच्या लोखंडी पासेचा तुकडा, सगळ्याला एकच किंकाळी. बेबीताईंनी एक वाफा खणून, माती चाळून, पुन्हा भरून घेतला आणि त्यावर चकती धरायला लावली. तरी ती वाजली. आमची काळी मातीच तिला धातू वाटत होती. "हे तं मातीलेच सोनं म्हनून राह्यली," बेबीताई म्हणाल्या. बांधावर उभे असलेले मोठे दीर घरात गेले.

अकोल्याला माझा भाऊ असतो. त्याने सांगितलं, तिथे भाड्याने एक चांगली मशीन मिळते. ती आधी मातीशी जुळवून घेते, मग पडद्यावर आकडा दाखवते. लोखंडाचा वेगळा, चांदीचा वेगळा. मी आनंदाने बेबीताईंना सांगायला गेले. त्या मेथी निवडत होत्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "मशीन खराब हाय तवर मी बरी हाय. चांगली आली अन् गोफ नाही निघाला, तं मंग तो माह्या भावाच्याच घरात हाय."

मला हे सुचलंच नव्हतं. मी म्हटलं, मग राहू द्या, नको आणायला. त्यांनी मान हलवली. "असं लोंबकळत किती दिवस राहू? माय वाट पाह्यते. आना तुमी."

माझ्या भावाने मशीन आणली, चालवायला शिकवली. जोडवं लागलं, नाणं लागलं. पण सोन्यावर पारखायची तर सोनं हवं, आणि बेबीताईंच्या हातात सोनं द्यायला त्या घरात कोणी तयार नव्हतं. जाऊबाई आत निघून गेल्या. तेव्हा सासूबाईंनी कानातली सोन्याची वेल काढली आणि बेबीताईंच्या तळहातावर ठेवली. हा विश्वास होता की परीक्षा, मला आजही सांगता येणार नाही. गजाननभाऊंनी ती बेबीताईंच्या नकळत वीतभर खोल पुरली. चकती फिरवत त्या तिथवर आल्या, थांबल्या, उकरलं, वेल हातात आली. मी टाळी वाजवणार होते, पण त्यांचा चेहरा बघून हात खाली घेतले.

मग त्यांनी सुतळ्या बांधून वाफ्यांचे पट्टे पाडले आणि एकही जागा न सोडता मळा पालथा घातला. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटांचा चकचकीत कागद आणि सोनं यांचा आकडा जवळपास सारखाच यायचा, म्हणून प्रत्येक ठिकाणी खणावं लागलं. दर वेळी त्या गुडघ्यावर बसायच्या आणि तसाच चुरगळलेला कागद घेऊन उठायच्या. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरली तेव्हा घमेलं कागदांनी आणि खिळ्यांनी भरलं होतं. गोफ नव्हता.

मोठे दीर एवढंच म्हणाले, "मंग?"

त्या दिवशी पहिल्यांदा बेबीताई त्यांच्याशी थेट बोलल्या. पदर खांद्यावर होता, तिथेच राहू दिला.

"भाऊजी, गोफ वावरात नाही. मशीन चांगली हाय, म्या पारखली. पन ते मातीचं सांगते, माह्या भावाचं नाही सांगत. तुमाले जे समजाचं ते समजा. माही माय पडून हाय, मी चालली."

त्यांनी हौदावर हातपाय धुतले, पिशवी घेतली आणि रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. गजाननभाऊ आपल्या मोठ्या भावाकडे बघत होते, तिथेच थांबले. एसटी आली आणि त्या गेल्या.

आईने त्यांचा हात ओळखला. थोडेच दिवस मिळाले, पण मिळाले. आईचं दिवसकार्य आटोपल्यावर बेबीताई परत आल्या. का आलात, असं मी विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं, की कांद्याचं रोप लावणीला आलं होतं. घरात त्यांना कोणी अडवलं नाही, आणि तुझ्यावर संशय नाही, असंही कोणी म्हटलं नाही. त्या माहेरी जाऊ लागल्या. मात्र परत आल्या, की जाऊबाई सहज आल्यासारखं करून त्यांची पिशवी उचलून आत ठेवायच्या. उचलताना तिचं वजन बघायच्या. बेबीताईंना ते कळायचं. त्या पिशवी देऊन टाकायच्या.

माझी बदली झाली तेव्हा मी निरोप घ्यायला मळ्यात गेले. त्या जुड्या बांधत होत्या. इतके दिवस मनात होतं ते त्या दिवशी विचारलं, की गोफ गेला कुठे असेल?

"सांबाराच्या जुडीत बांधल्या गेला असन," त्या म्हणाल्या. "ऑटोतून बाजारात गेला. कोन्या तरी बाईले भाजी निवडतानी सापडला असन." त्यांनी जुडीला गाठ मारली आणि ती बाजूला ठेवली. "मले तिचंच वाईट वाट्टे, मॅडम. तिनं घरात दाखवला असन, तं तिलेही इचारलं असन, कुठून आनला म्हनून."

मग त्यांनी दुसरी जुडी घेतली.