नाव घातलेली गिटार

दिनकरराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी सातारच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, डाव्या हाताच्या सोललेल्या बोटांना खोबरेल लावत बसलो होतो. बायको आतून डोळे पुसत आली. "दाजी गेले," म्हणाली. मी "अरेरे" म्हणालो, पण मनात पहिला विचार आला तो असा, की आता माझ्या गिटारीचं काय... सख्ख्या साडूच्या मरणावर माणसाला हे सुचावं, यावरून माणूस ओळखा. या गोष्टीला दोन महिने होत आले. गेलेल्यांबद्दल चांगलं लिहायचं असतं म्हणून मी दोन कागद लिहिले आणि दोन्ही फाडले. हा तिसरा. दिनकरराव मला कधीच आवडले नाहीत, आणि मीही त्यांना.

ते माधवनगरच्या कापड गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली आणि या माणसाला भंगाराच्या दुकानांचा नाद लागला. सांगली-मिरजेकडच्या ऑर्केस्ट्रा पार्ट्या एकेक करून मोडल्या होत्या, पोरं पुण्याला गेली होती, आणि त्यांच्या गिटारी पत्रे नि रद्दीखाली पडलेल्या असायच्या. त्या हे शोधून आणायचे. मिरजेत सतारी करणाऱ्यांच्या ओट्यावर बसून बसून लाकूड सांधायला शिकले. वाकलेली दांडी ओल्या फडक्यानं शेकून, दोन फळ्यांत आवळून पंधरा-पंधरा दिवस ठेवायचे. हातात कला होती, हे मी दात-ओठ खात मान्य करतो. तोंड मात्र गिरणीच्या भोंग्यासारखं. आणि एक नियम... ज्यानं टाकली, त्याला परत द्यायची नाही. एक डॉक्टर स्वतःची कॉलेजातली गिटार मागायला आले, तर त्यांना दारातच म्हणाले, "तवा जड झाली हुती, आता हलकी झाली व्हय?"

तर हा माणूस आमच्या वास्तुशांतीला साताऱ्याला आला. जेवणं झाली आणि हा गडी पान खायला म्हणून बाहेर गेला, तो तासाभरानं गिटार घेऊनच परतला. हॉलभर पाहुणे. सगळ्यांच्या मध्ये उभं राहून त्यांनी विचारलं, "पाव्हणं, हे तुमच्याच वडलांचं नाव न्हवं?" माझे वडील पलटणीत हवालदार होते. शिलाँगला पोस्टिंग असताना त्यांनी ती गिटार माझ्यासाठी घेतली होती, आणि सुट्टीवर आल्यावर भांड्यांवर नावं घालणाऱ्याला गाठून, तारा जिथे अडकवतात त्या पितळी पट्टीवर, पातेल्यावर घालावं तसं नाव घालून घेतलं होतं. 'हवालदार अमुक यांजकडून चि. सदाशिव यास.' दांडी वाकली होती, मला वाजवता कधी आलंच नाही, आणि घर बदलताना गंजलेल्या कूलरबरोबर मी ती चार दिवसांपूर्वी भंगारात दिली होती. वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आईनं ती पट्टी वाचली आणि आत गेली. त्यानंतर तिनं मला त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही, आणि तेच फार झालं.

त्याच संध्याकाळी मी गिटार परत मागितली. दिनकरराव म्हणाले, "न्हाई." वर्षभर मागत राहिलो, तेवढ्यात आईही गेली. शेवटी वैतागून त्यांनी अट घातली. वडील शीळ घालायचे ती पलटणीच्या बँडची चाल सबंध वाजवायची, शेजारच्या तारेला चुकून बोट न लावता. "वाजवा आन् घिऊन जावा." म्हणून पन्नाशी उलटल्यावर मी गिटारच्या क्लासला नाव घातलं. तिथे माझ्याहून मोठं कोणी नव्हतं, मास्तरसुद्धा. वर्षात तीनदा माधवनगरला जाऊन वाजवली. तिन्ही वेळा "न्हाई."

चौथ्यांदा गेलो तेव्हा ते खाटेवर होते, पार वाळले होते. मी वाजवली. माझ्या मते सबंध वाजवली. डोळे मिटूनच म्हणाले, "तिसऱ्या तारंला बोट लागलं." माझं डोकं फिरलं. "दिनकरराव, तुम्हाला ती द्यायचीच नाही, सरळ सांगा ना."

"टाकली कुनी?" ते म्हणाले. "म्या टाकली?"

चहा न घेता निघालो. शेवटची भेट ती.

तेराव्यानंतर त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या मेहुणीनं, ताईनं, भिंतीवरची गिटार काढली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली. "घिऊन जावा भावजी."

"ते म्हणाले होते का, द्या म्हणून?"

"म्या इचारलं हुतं. नको म्हनले. म्हनूनच देते. चाळीस वर्सांत त्येंच्या मनाइरुद्ध एक तरी गोष्ट करू द्या मला."

मला हसू आलं, तिलाही आलं. निघण्याआधी एकदा वाजवावी म्हणून मी वाजवली. खोली रिकामी, भिंतीवर आठ-दहा गिटारी, खाट उभी करून ठेवलेली. मधल्या वळणावर तिसरी तार खरखरली... अगदी बारीक, पण खरखरली. म्हणजे तो माणूस खरं बोलला होता. या गोष्टीसाठी मी त्यांना कधी माफ करीन असं वाटत नाही.

"आता कोन ऐकतंय?" ताई म्हणाली.

"मी ऐकलं ना," म्हणालो, आणि गिटार पुन्हा खिळ्याला अडकवली.

तेव्हापासून दर रविवारी सकाळच्या एसटीनं जातो. बायको म्हणते, दाजी होते तेव्हा वर्षातून तीनदा जायचात. ताई दार उघडते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. मी खिळ्यावरून गिटार काढतो, खाटेच्या जागेकडे पाठ करून बसतो आणि वाजवतो.

काल पाचवा रविवार होता. बोट लागलं.