वाचून दाखविलेला जबाब

माझा जन्म कोलकात्यातला. तिथल्याच बेहाला भागातल्या शाळेत तीस वर्षं शिकवलं आणि घरातलं मराठी हट्टानं टिकवलं. मुलांनी ते 'हो, नाही, जेवलीस का' एवढ्यावर आणून ठेवलं, हे माझं जुनं दुखणं. त्यामुळे मुलींच्या एका आधारगृहाला मराठी वाचणारं माणूस हवंय असा निरोप आमच्या इथल्या मराठी मंडळात आला, तेव्हा मी हरखूनच गेले.

बांगलादेशातली मुलगी. शिवणकाम मिळवून देतो म्हणून शेजाऱ्यानंच तिला सीमेपार आणलं, सियालदहला उतरवलं, हावड्याहून महाराष्ट्रात नेलं आणि विकलं. महिन्याच्या आत धाड पडून ती सुटली. पण दोन देशांचे कागद हलेपर्यंत तिला तिथल्या महिलागृहात दोन वर्षं काढावी लागली. आता परत पाठवायची म्हणून इथे आणली होती, आणि तिचा पोलिसांनी घेतलेला जबाब मराठीत होता.

मी एका बैठकीत त्याचं इंग्रजी करून टाकलं. खरं सांगते, मला मजा वाटली. वडील वकील, गावाकडच्या खटल्यांचे मराठी कागद त्यांच्या टेबलावर असत; ती भाषा कित्येक वर्षांनी भेटत होती. 'मी स्वखुशीने सीमा ओलांडून आले.' आणि शेवटी, 'सदरचा जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' खाली अंगठा. तेही सुबक इंग्रजीत उतरवून, स्वतःवर खूश होत मी घरी आले.

पंधरा दिवसांनी आधारगृहाच्या अधीक्षिकेनं परत बोलावलं. माझ्या भाषांतरामुळे मुलगी फसवली गेलेली न ठरता घुसखोर ठरत होती. खटला तिच्यावरच भरायचं घाटत होतं आणि शेजारी मोकळा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मुलीला समोर बसवलं. मी बंगालीत सुरुवात केली, तर ती मराठीत म्हणाली, "मावशी, ते तुम्ही लिहिलंत का?" माझ्या मुलांपेक्षा स्वच्छ मराठी. मी विचारलं, मग जबाब वाचून दाखवला तेव्हा बोलली का नाहीस?

"तेव्हा मला मराठी कुठं येत होतं? ते नंतर महिलागृहात शिकले. पोलिसांनी माझं बोट धरलं आणि कागदावर टेकवलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'स्वखुशीने' हा शब्द त्या लिहिणाऱ्यानं सवयीनं खरडला असणार, घरी जायची घाई असणार. पण माझं काय? ती आल्याची आणि जबाबाची तारीख एकाच पानावर होती, मध्ये एकवीस दिवस; तेवढ्यात कुणाला मराठी येतं? पोरांच्या वह्यांतली वेलांटीसुद्धा न सोडणाऱ्या मला ते दिसलं नाही, कारण मी भाषेला भुलले होते. त्याच आठवड्यात दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांची सीमेवरच्या सुरक्षेबद्दल बैठक झाली. पेपरात फुलांच्या गुच्छांसकट फोटो. कुंपण, दिवे, कॅमेरे, सगळ्यावर बोलले म्हणे. जबाब घेताना बंगाली जाणणारं एक माणूस शेजारी बसवावं, हे कुणाला सुचलं की नाही, कोण जाणे. पेपर मी टराटरा फाडला.

मी माझं भाषांतर परत मागितलं. अधीक्षिका म्हणाली, "दीदी, अनुवादकानं पदरचं काही घालायचं नसतं." मी म्हटलं, वरचा एक शब्द बदलणार नाही, खाली माझं लिहीन. 'या तारखेस हिला मराठी येत नव्हते, त्यामुळे वाचून दाखविल्याचे विधान खोटे आहे. हे मी आधीच लिहायला हवे होते.' खाली माझं नाव, पत्ता, सही.

मग तिची हकीगत तिच्याच बंगालीत लिहून घेतली आणि सावकाश वाचून दाखवली. दोन ठिकाणी तिनं मला थांबवून दुरुस्ती करायला लावली. अधीक्षिकेनं सवयीनं शाईचा पॅड पुढे सरकवला. मुलीनं तो बाजूला सारला आणि माझ्याकडे पेन मागितलं. सातवीपर्यंत शिकली होती ती. सही येते का, हे तिला दोन वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, आणि मीही नाही.