फुंकणीची झाली फंकी ॲनी

लेथखाली कीस साठतो, आणि आमच्या शेडमध्ये किस्से. कीस आम्ही दर रविवारी झाडून काढतो, किस्से तसेच राहतात.

शेड इथे परदेशात, हॉर्नबी नावाच्या उपनगरात, एका गोडाऊनच्या मागे. छोट्या रेल्वेचा क्लब आहे आमचा. गुडघ्याएवढी इंजिनं बनवायची आणि मुलांना डब्यांवर बसवून फिरवायचं. आम्ही चौघं मात्र वेगळंच खूळ घेऊन बसलो होतो: गॅस टर्बाईनवर चालणारं इंजिन.

खूळ मूळचं ग्रॅहमकाकांचं. काका ऐंशीच्या घरातले. इथे सगळे त्यांना नुसतं ग्रॅहम म्हणतात, पण मला, शिरीषला आणि त्याच्या बायकोला, मेधाला, ते काही जमत नाही. तरुणपणी काका अमेरिकेत भटकायला गेले होते. तिथल्या उजाड माळावर त्यांनी असलं एक इंजिन मालगाडी ओढत जाताना ऐकलं. ‘पाहिलं’ असं ते कधीच म्हणत नाहीत. "आधी वाटलं विमान उतरतंय, मग वाटलं आभाळच सरकतंय," असं सांगताना त्यांची नजर लांब कुठेतरी लागते. ती इंजिनं केव्हाच मोडीत निघाली. काकांना तो आवाज पुन्हा एकदा ऐकायचा होता.

*

सुरुवातीला शिरीषने मेधाला टर्बाईन समजावलं. हवा दाबून आत घ्यायची, त्यात जाळ करायचा, झोताने चाक फिरतं.

"म्हणजे फुंकणीच की," मेधा म्हणाली.

काकांना शब्द फार आवडला. पुढच्या रविवारी ते पितळी पाटी घेऊन हजर! सुरेख इंग्रजी अक्षरांत कोरलेलं होतं: फंकी ॲनी.

मेधा चूक सांगणार, तेवढ्यात काका पाटी रुमालाने पुसत म्हणाले, "पण माझ्या बायकोचं नाव तुला कसं कळलं?"

पाटी तशीच लागली.

*

या इंजिनांचं दुखणं म्हणजे भूक. नुसतं उभं असलं तरी घटाघटा तेल पितं. तेल महागलं तशी ती परवडेनाशी झाली, असं काका सांगत होते.

"आमच्याकडे आहे एक," मेधा म्हणाली. "दिवसभर सोफ्यावर असलं तरी खातं तेवढंच."

"फुल लोडवर तू मला कधी चालवलंच नाहीस," शिरीष म्हणाला.

*

भंगारातल्या ट्रकचा टर्बो आणि पानं उडवायचा ब्लोअर लावून पहिली टेस्ट झाली. मेधाने हौसेने झोतासमोर चिमट्यात पापड धरला. मोठा भडका उडाला आणि इंजिन फुस्स झालं. पापड मात्र कुंपणापलीकडे.

जरा वेळाने शेजारचा माणूस तो दोन बोटांत धरून आला. "किया ओरा," त्याने इथल्या पद्धतीने नमस्कार केला. " तुमचं गॅस्केट आमच्या अंगणात पडलं होतं."

शिरीषने गॅस्केट मोडून खाल्लं. तो माणूस आता आमच्या शेडकडे जपूनच बघतो.

त्या आठवड्यात काका कानाच्या डॉक्टरकडे गेले होते. पुढच्या रविवारी आम्ही विचारलं, काय म्हणाला डॉक्टर?

"येह, नाह. नीट ऐकू आलं नाही," काका इथल्या हो-नाहीच्या ढंगात म्हणाले आणि स्वतःच हसले. मग हळूच म्हणाले, "डावा गेलाच आहे. उजवाही फार दिवस साथ देणार नाही."

त्या रविवारी कुणी थट्टा केली नाही.

*

मग आम्ही झपाटल्यासारखे लागलो. जाळाची नळी बदलली, चाक पुन्हा बसवलं. हिवाळा तोंडावर आलेला, गवतावर दव, लांबच्या डोंगरांवर पहिलं बर्फ. अशा एका सकाळी ॲनी रुळांवर उभी राहिली.

"चालवा तुम्हीच," मी काकांना म्हणालो.

"नाह. मी लांब उभा राहतो. तेव्हा होतो तसा."

ते रुळाच्या पार टोकाला, पॉपलरच्या झाडांखाली जाऊन उभे राहिले. शिरीषने ब्लोअर लावला, मी गॅस सोडला. आधी कुजबुज, मग शीळ, आणि मग तो आवाज आला. झाडांची उरलीसुरली पिवळी पानं खाली येत राहिली. ॲनी काकांच्या समोरून गेली, वळसा घालून पुन्हा गेली.

गॅस संपला. इंजिन रुळावरच थांबलं, चाक फिरायचं थांबलं. सगळीकडे इतकं शांत झालं की दूरच्या मॅगपाय पक्ष्याचा आवाज येऊ लागला. आम्ही तिघं गवतातून काकांकडे चालत गेलो. ते डोळे मिटून, अजून कान देऊन उभे होते, कानातून काढलेली श्रवणयंत्रं तळहातावर.

मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

"एवढ्यात बंद करू नका," काका म्हणाले.