वैशालीचा कॉम्प्युटर आणि माझी हळदीची रेघ

मनू, मी लिहितेय म्हणून लांब बसून वाचू नकोस, अशी जवळ ये. आणि तो लॅपटॉप आधी मांडीवरून खाली ठेव. परवा फोनवर किती ऐटीत सांगत होतीस, "आजी, तापायचा म्हणून मी प्रोसेसरचं व्होल्टेज उतरवलं. आता गार राहतो, फक्त मध्येच गोठतो." फक्त! अगं, कुणाला विचारावं, मग उतरवावं. तुला वाटलं असेल, आजीला यातलं काय कळतंय. तर ऐक. आपल्या घरात हा उद्योग करणारी तू पहिली नव्हेस. तुझ्या बापाने केला, आणि त्यावर कळस मी चढवला.

सत्त्याण्णवचा उन्हाळा. सांगलीत तेव्हा टेबलाला हात लावला तरी चटका बसायचा. तुझ्या आईने, वैशालीने, पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून पत्रिका छापायच्या कामाला सुरुवात केली होती. पहिलं मोठं काम आलं साताऱ्याकडच्या औंधच्या एका लग्नाचं. मुलीचे मामा शुक्रवारी नमुना बघायला येणार होते. पसंत पडला तर त्यांच्या भावकीतल्या त्या हंगामातल्या सगळ्या पत्रिका आमच्याकडे. नाही पडला, तर तुझ्या बापाला शिरवळच्या कारखान्यातून आलेलं नोकरीचं पत्र कॅलेंडरमागे खोचलेलं होतंच. पुढच्या सोमवारी तो तिकडे हजर होणार, आणि मागोमाग वैशालीही. मग घरात कोण? मी आणि तुझे आजोबा. त्यांची माझी दिवसाला चार वाक्यं होतात, त्यातली दोन चहाची. त्या आठवड्यात मी कॅलेंडरकडे मान वळवून बघितलंच नाही. तारीख तुझ्या आजोबांना विचारायची (तेवढंच एक वाक्य वाढलं).

सोमवारी वैशाली नवरीमुलीच्या काकांची नावं टाइप करत होती. भावकी दांडगी. अठराव्या काकांच्या 'श्री.'पाशी कॉम्प्युटर गोठला. परत चालू केला, परत अठराव्या काकांपाशी गोठला. वैशाली ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती खुर्ची मागे सरकवून कॅलेंडरकडे बघत बसली. तुझा बाप म्हणाला, गल्लीतलंच व्होल्टेज कमी आहे, समोर पिठाची गिरणी आहे ना. पण हे बोलताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

मी मात्र त्याच वेळी कीबोर्डवरून एक मुंगी जाताना बघितली आणि मला सगळा उलगडा झाला. मुंग्या आत शिरल्या होत्या! मुंग्यांवर आमच्याकडे औषध एकच. वैशाली आंघोळीला गेली तेव्हा मी कॉम्प्युटरच्या डब्याभोवती हळदीची छान रेघ ओढली. बोलले कुणाला नाही. शिकलेली सून, म्हणायची सासू अडाणी.

मंगळवारी तो दोनदा गोठला. मी रेघ जाड केली. बुधवारी चारदा गोठला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की डब्याच्या बाजूला जाळी आहे, मुंग्या तिथूनच जात असणार. जाळीच्या तोंडाशी मूठभर हळद टाकली. यंत्र चालू होतं. बघता बघता हळद दिसेनाशी झाली. मी गारच पडले. मुंग्यांनी मूठभर हळद नेली? म्हटलं या मुंग्या साध्या नाहीत. म्हणून आणखी एक मूठ टाकली.

गुरुवारी डबा तव्यासारखा तापला आणि दहा मिनिटांत बंद पडला. तेवढ्यात वैशालीने आतून हाक मारली, "आई, गॅसवर फोडणी ठेवलीय का? जळतेय बघा."

गॅसवर काहीच नव्हतं. वास पुढच्या खोलीतून येत होता.

मनू, त्या क्षणी मला कळलं की हळद कुठे गेली. उद्या मामा येणार, आणि सुनेचं यंत्र मी माझ्या हाताने मारलं! लोकांच्या घरी सुना सासूला घाबरतात. मी माझ्या सुनेला घाबरून कोठीत पिंपामागे जाऊन बसले.

वैशालीने शेजारच्या जाधवांना बोलावलं. हे सातारकडचे, फौजेत वायरलेस दुरुस्त करण्यात उमर गेलेली. आले ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, पण डबा उघडेनात. मला पिंपामागून बोलावून सगळ्यांना रांगेत उभं केलं. "आदी सांगा, मशिनीला कुणी कुणी हात लावला? फौजेत आमी आदी माणूस तपासायचो, मग मशीन."

तुझे आजोबा म्हणाले, मी एकदा त्यावर चष्मा ठेवला होता. तुझा बाप भिंतीवरची पाल बघत होता. मी म्हटलं, "मी तर या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाही," आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. पदराला पिवळी बोटं उमटली होती, ती मला सोडून सगळ्यांना दिसत होती.

जाधवांनी झाकण काढलं. आतला पंखा हळद लागलेल्या नवरदेवासारखा पिवळाधमक! जाधवांनी एक चिमूट बोटावर घेतली, वास घेतला आणि माझ्याकडे वळले.

"राजापुरी न्हवं? माल लय चांगला हाय, वैनी."

मग मला रडूच फुटलं. मुंगीपासून दुसऱ्या मुठीपर्यंत सगळं सांगून टाकलं. म्हटलं, वैशाली, तू मला काय बोलायचं ते बोल, पण शिरवळला जाऊ नकोस.

वैशाली काही म्हणायच्या आत तुझा बाप पुढे झाला. त्याचा चेहरा माझ्यापेक्षा पडलेला. "आई, थांब. सोमवारी हळद नव्हतीच. रविवारी पुस्तकात बघून मीच आतलं ते जंपरचं बारकं काळं टोपण एक घर सरकवलं. प्रोसेसरचं व्होल्टेज उतरलं की गार राहतो म्हणे."

"आणि ते गिरणीचं?" वैशाली म्हणाली. तो परत पालीकडे वळला.

जाधव खुर्चीत बसून हसले. "पोरानं जेवण तोडलं, आईनं नाक दाबलं. मशिनीनं जगावं तरी कसं?"

पण माणूस शिस्तीचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणाले, न्हाईतर खरा चोर घावत न्हाई. आधी ब्रशने सगळी हळद झाडली आणि यंत्र लावलं. आता ते तापेना, पण अठराव्या काकांपाशी गोठलं ते गोठलंच. मग टोपण होतं त्या घरात परत बसवलं. वैशाली टाइप करायला लागली. पंधरावे काका, सोळावे, सतरावे... तुझ्या आजोबांनी टोपी काढून हातात धरली. अठरावे काका पूर्ण नावानिशी पार पडले, मागून त्यांची चिरंजीव मंडळीही आली.

शुक्रवारी मामा आले. नमुन्याचा कागद आतून आणून द्यायला वैशालीने मला सांगितलं, आणि मी दिला. दिल्यावर दिसलं, कोपऱ्यावर माझा अंगठा उमटलाय, पिवळा. हळद म्हणजे काय, आठ दिवस नखातून जात नाही. वैशालीने डोळे मिटून घेतले. मी परत पिंपाचा विचार करायला लागले.

मामांनी कागद उजेडात धरला, मग कपाळाला लावला. "पैली पत्रिका आमच्या यमाईदेवीम्होरं ठिवायची म्हणून हळद लावूनच दिली व्हय? आवं, एवढं कोण बघतंय आता!"

त्या हंगामातल्या सगळ्या पत्रिका आमच्याकडे आल्या. शिरवळचं पत्र कॅलेंडरबरोबर रद्दीत गेलं. आणि वैशाली कामाचा पहिला कागद काढला की हाक मारायची, "आई, बोट लावा." (तेवढीच माझी नोकरी.)

तर मनू, उतरवलेलं आहे ते होतं तिथे नेऊन ठेव. एका वेळी एकच गोष्ट बदल. आणि पुण्यात किती दिवस बसतेस, लवकर ये बघू. लॅपटॉपही आण, मी हात लावणार नाही. तुझ्या आईने त्या दिवशी हळदीचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला तो अजून तिथेच आहे, आणि माझा हात पोचत नाही. तू उंच आहेस. आलीस की तेवढा गुपचूप काढून दे.