लाल बासनातला लॅपटॉप

"पोथी उघडी टाकून उठू नये, बाई," म्हणायचे आणि माझ्या लॅपटॉपचं झाकण फाटकन लावायचे. मी नुसती पाणी प्यायला उठले तरी! वर तो पोथ्या बांधायच्या लाल बासनात गुंडाळून करकचून गाठ मारायचे. तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा असेल, की ज्याची चाहूल लागली तरी डोकं तापतं. माझे ते गुरुजी.

लग्न होऊन मी बनारसला आले आणि ब्रह्मा घाटावरच्या वेदपाठशाळेत टायपिंगचं काम मिळालं. गुरुजींच्या आजोबांनी लिहिलेली एक पोथी होती. शाई उडालेली, अक्षर किरटं. गुरुजींखेरीज कुणालाच ते लागत नव्हतं. त्यात त्यांना मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की अंगावर यायचे. डोळे आहेत तोवर त्यांनी वाचायचं आणि मी टाइप करायचं, असं ठरलं.

झाकण लागलं की लॅपटॉप झोपायचा, आणि कित्येकदा उठायचाच नाही. काळा पडदा, आत पंखा घरघरतोय. बटण दाबून बंद करावा, पुन्हा सुरू करावा, तर सकाळचं टाइप केलेलं गायब.

"गुरुजी, गेलं सगळं!"

"मग? परत लिहा. बत्ती गेली म्हणून आजोबांची पोथी नाही गेली कधी."

असा संताप यायचा म्हणून सांगू! सतरा वेळा समजावलं, "अहो, तो पुरता झोपत नाही. मधेच आपला आपण जागा होतो, तापतो. गुंडाळू नका."

"झोपलेला आपला आपण उठतो? शिस्तच नाही त्याला," म्हणाले, आणि गाठ आणखी आवळली.

ऐन जेठातल्या उकाड्यात शेवटचं प्रकरण संपलं. आधीच्या प्रकरणांसारखी त्याचीही दुसरी प्रत काढायला पेनड्राइव्ह हवा होता, तो आणायला मी घरी गेले. जेवून परत येते तो खिडकीत, उन्हात, बासन! हात लावला तर तव्यासारखं गरम. आधीच थकलेली बॅटरी फुगून कीबोर्ड वर आला होता. दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर दुकानदारानं उघडून पाहिलं आणि मान हलवली. "दीदी, इसमें अब कुछ नहीं बचा."

परत येऊन मी ओरडले. "तुमच्या हट्टापायी गेलं! आता वाचा परत!"

या वेळी "मग?" आलं नाही. त्यांनी शेवटच्या प्रकरणाचं पान उचललं, नाकाशी धरलं, खिडकीपाशी नेलं, पुन्हा नाकाशी आणलं. मग खाली ठेवलं.

"दिसत नाही, बाई."

मला कीव आली नाही. ऑपरेशनला तेव्हाही नाहीच म्हणाले मेले! थंडीत वारले. पोथी छापायला तयार आहे, शेवटचं प्रकरण सोडून. ते अक्षर कुणालाच लागत नाही.

राग अजून आहे. पाठशाळेनं नवा लॅपटॉप दिलाय. मी मुद्दाम तो उघडा टाकून उठते. पाणी पिते, घाटापर्यंत जाऊन येते. परत येते तेव्हा पडदा काळा झालेला असतो, आणि झाकण उघडंच असतं.