जयपूरच्या रिंकवर ऐकलेली मराठी

विट्याच्या एसटी स्टँडवर वडिलांनी मला तानाजीआण्णांच्या हवाली केलं. "पोरगं तुझ्या ओटीत घातलंय," एवढंच ते म्हणाले आणि गाडी सुटायच्या आधीच पाठ फिरवून रानाकडे चालू लागले. आण्णा आमच्याच गल्लीतले, जयपुरात गलाईचं दुकान थाटलेले. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्या तालुक्यातली पोरं याच कामासाठी देशभर पांगली. तुमच्यापैकी बरेच जण असेच गेलात, नाहीतर असंच कुणाला पोचवून एकटे घरी परतलात.

आण्णांच्या भट्टीपुढे मी हात भाजून घेतले आणि सराफांशी घासाघीस करायला शिकलो. पुढे स्वतःचं दुकान काढलं तेव्हा त्यांची काही गिऱ्हाइकं माझ्याकडे आली. मी बोलावली नव्हती. भाव चांगला दिला, आली. आण्णांनी ते कधी पोटात घातलं नाही. तरी गणपतीत एकाच मांडवात बसायचो, हसायचो.

माझी रेवा आणि त्यांची पूनम एकाच रिंकवर, चाकांचे बूट घालून हॉकी शिकल्या आणि मग वेगवेगळ्या कॉलेजांत गेल्या. दोन्ही कॉलेजांचं जुनं वैर. मॅच संपली की हात मिळवायच्या रांगेत पोरी हात मागे बांधून निघून जायच्या, आणि कोच बघून हसायचे. जयपुरात बर्फ कुठला, पण इथल्या चांगल्या खेळाडूंना बर्फावरच्या हॉकीसाठी लडाखच्या शिबिराला बोलावतात. त्या वर्षी रेवाचं नाव आलं, पूनमचं नाही.

शिबिराच्या आधीच्या मॅचमध्ये रेवा गोलच्या दिशेनं सुटली, तेवढ्यात माझ्या मागच्या बाकावरून आण्णा ओरडले, "पूने, काठी घाल पायात. पाड तिला."

भरल्या स्टेडियममध्ये हे समजणारे आम्ही मोजकेच. पूनमला मराठी धड बोलता येत नाही, पण एवढं समजलं. तोवर शिट्टी वाजली होती, रेवा थांबली होती. तरी काठी आली. रेवाचा गुडघा गेला. मी आण्णांची कॉलर धरली, लोकांनी मला ओढून बाहेर काढलं, आणि सगळ्यांच्या लक्षात राहिली ती कॉलर.

मग मी पूनमच्या कॉलेजच्या समितीपुढे बसलो. आधी म्हटलं, पूनमला वर्षभर खेळू देऊ नका. मग म्हटलं, पुढच्या मॅचला तरी बसवा. शेवटी म्हटलं, नुसती माफी मागू दे. मला इतका उतरताना एकाही सराफानं पाहिलेलं नाही. आण्णा काय ओरडले ते मी हिंदीत सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "भाईसाहब, मराठी तो हम जानते नहीं. दोनों बच्चियाँ आप ही की तरफ की हैं, घर में निपटा लीजिए."

घरात म्हणजे गलाईवाल्यांच्या बैठकीत. तिथे आण्णा म्हणाले, "खेळात माणूस बोलतो काहीबाही. आणि तुला पोटाला कुणी लावलं रं?" बाकीचे खाली बघून चहा पीत राहिले. त्यातल्या काहींनी स्टेडियममधलं ते वाक्य माझ्याइतकंच स्पष्ट ऐकलं होतं. निघताना एक जण खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सोड की आता. आपलीच माणसं हायत."

शिबिर होऊन गेलं. रेवा चालते, जिना उतरताना कठडा धरते. डॉक्टर म्हणतात, खेळ विसरा. पुढच्या वर्षी लडाखला पूनम गेली. रेवा घरात मराठी बोलत नाही. मी मराठीत ओरडतो, ती हिंदीत शांतपणे उत्तर देते.

गावाकडून फोन येतात, यात्रेला या. मी बांधलेला बंगला तिथे कुलपात आहे. त्याची एक भिंत आण्णांच्या बंगल्याला लागून आहे. मागच्या महिन्यात त्यांचा माणूस दुकानात आला. आण्णांना माझा बंगला हवाय. भाव वाजवीपेक्षा बराच चांगला. रेवा म्हणाली, "बेच दो पापा. वहाँ कौन रहनेवाला है?"

खरंच कुणी राहणार नाही. मीसुद्धा नाही. तरी त्या माणसाला मी नाही म्हणून परत पाठवलं. आण्णांना मिळू नये, एवढ्यासाठीच आता माझं गावाकडे घर आहे.